सुई उचलू नका

‘काही आवाज असे असतात, की ते एकदा मनापासून ऐकले की माणूस उरलेल्या आयुष्यात कुणाला म्हणून भीत नाही.’

हे वाक्य सोलहून निघणाऱ्या एका संगीत मासिकात, वाचकांच्या पानावर, चांगलं चौकटीत छापून आलं होतं. खाली नाव होतं : बोंग सांगतेक, भूगोल शिक्षक, होबान. आणि ते छापून येऊन जेमतेम महिना लोटतो आहे तोच हे बोंग मास्तर, ताप नसताना तापाचं सोंग घेऊन, डोक्यावरून दुलई ओढून, आपल्याच घरात आपण नाही असं दाखवत पडले होते.

“अहो निर्भय,” त्यांची बायको ओकबुन दारातून म्हणाली, “पेज गार होतेय.”

“हळू बोल. बाहेर कोण होतं?”

“टोफूवाला. घंटी वाजवत आला, घंटी वाजवत गेला.”

“नेहमीचाच होता?”

“नेहमीचाच. दात बघून घेतले त्याचे.”

दात हा त्या घरात कालपासून चिंतेचा विषय होता. काल दुपारी मुलींच्या शाळेच्या फाटकाशी तपकिरी जाकिटातला एक माणूस आला होता. त्यानं पहारेकऱ्याला सिगारेट दिली आणि विचारलं, भूगोलाचे मास्तर गाणी फार ऐकतात म्हणे? पहारेकरी म्हणाला, ऐकत असतील, पण शाळेच्या वेळात नाही. त्यावर तो माणूस नुसता हसला. “दात फार स्वच्छ होते हो,” पहारेकऱ्यानं मास्तरांना नंतर सांगितलं. “इतके स्वच्छ दात पगारी माणसाचेच असतात. सरकारी पगार.”

शिक्षकांच्या खोलीत ही बातमी मास्तरांच्या आधी पोचली होती. ते आत शिरले तसा प्रत्येकाला आपापल्या वह्यांमध्ये अचानक रस वाटू लागला. फक्त चित्रकलेचे मिन मास्तर उभे राहिले. ते कुणाहीसाठी उभे राहत. मिन मास्तरांना मागे एकदा ‘दोनच प्रश्न विचारायचे आहेत’ म्हणून नेलं होतं. पहिल्या थंडीत गेले ते बर्फ वितळल्यावर आले. प्रश्न कोणते होते हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. मात्र तेव्हापासून पाठीमागे दार उघडलं की ते ताडकन उभे राहत आणि हात मांड्यांना चिकटवत. मुली त्यावरून हसत. शिक्षक हसत नसत.

एवढं सगळं कशावरून, तर एका तबकडीवरून.

प्यो गिलसू हा गायक आता पन्नाशीच्या पुढे गेलेला. माउथ ऑर्गन तारेनं गळ्यात अडकवायचा, गिटार छातीशी धरायची, आणि रोपं लावताना, ओझी वाहताना म्हणायची जुनी गावंढळ गाणी विजेच्या वाद्यांवर अशी चढवायची की शहरातली पोरं केस वाढवून मागे लागायची. मध्यंतरी एका समितीनं त्याच्यावर बंदी घातली. गाण्यांच्या शब्दांत समितीला काहीच सापडेना, तेव्हा ‘आवाज निराश आहे’ असं कारण दिलं. बंदीच्या वर्षांत प्योनं सोलमध्ये गार नूडल्सचं दुकान काढलं. चाहते तिथं जाऊन पोट भरलेलं असतानाही दुसरी वाटी मागवायचे, कारण आत ऑर्डर देताना तो ‘एक गाऽऽर!’ अशी हाळी द्यायचा. बोंग मास्तरांनी एका बैठकीत पाच वाट्या खाल्ल्या होत्या. बंदी उठल्याचा आनंद त्यांच्याइतकाच त्यांच्या पोटालाही झाला.

मग यंदाच्या वसंतात प्यो होबानच्या नगरभवनात गायला. तो कार्यक्रम जसाच्या तसा तबकडीवर उतरला आणि मास्तरांना आयुष्याचं सार्थक झाल्यासारखं वाटलं. ही तबकडी त्यांनी किती वेळा ऐकली याचा हिशेब शेजाऱ्यांकडे होता. तिसऱ्या गाण्यात गिटारची तार तुटते. टण्ण! प्यो थांबत नाही. तुटलेल्या तारेची जागा तो घशानं भरून काढतो, आणि त्या कडव्यापुरती समितीची तक्रार अगदी खरी ठरते. पाचव्या गाण्याआधी तो म्हणतो, “तुमच्या तळ्याचं पाणी प्यालो. फार थंड आहे हो,” आणि सभागृहात कुणी हसत नाही, कुणी टाळी वाजवत नाही, एक खुर्ची तेवढी करकरते. त्या तळ्याच्या तळाशी काय आहे ते सभागृहात सगळ्यांना ठाऊक होतं. तळं म्हणजे धरण. खाली गावं.

आता, कुठलीही तबकडी काढायची तर शेवटी एक ‘निकोप गीत’ घालायचं, असा नियम होता. समाजाला चांगलं वळण लावणारी ही गाणी एका ठरावीक वाद्यवृंदानं एकदाच वाजवून ठेवलेली असत, आणि प्रेमगीत असो, विरहगीत असो, सगळ्यांच्या शेपटाला तीच जोडत. ती ऐकत कुणीच नसे. देशभर माणसं शेवटून दुसरं गाणं संपत आलं की उठायची, आणि निकोप गीताचा पहिला ढोल वाजायच्या आत सुई उचलायची. ही सवय इतकी अंगात मुरलेली, की ओकबुन भांडी घासता घासता ओल्या हातानंही अचूक वेळ साधायची. घराघरांत तबकड्या झिजून करड्या झाल्या होत्या आणि शेवटचा एक बोटभर पट्टा नव्यासारखा काळाभोर चमकत होता.

प्योनं काय केलं, तर ते निकोप गीत स्वतः गाऊन टाकलं. ‘पहाटेचा झाडू’ हे त्याचं नाव. उठा उठा, झाडू घ्या, अंगण आपलं झाडू या. मूळ चाल कवायतीची. प्योनं ती मोडून इतकी संथ केली, की झाडूचा प्रत्येक फराटा वेगळा ऐकू यावा. बोंग मास्तरांना पहिल्यांदा ते चुकून ऐकू आलं. उठायचं म्हणून उठले आणि पायाला मुंग्या आल्यामुळे परत बसले. आणि मग त्यांना आपली आई दिसली. गाव उठवायचे हुकूम निघाले, लोकांनी दारं-खिडक्या काढून गाड्यांवर चढवल्या, पाणी खालच्या वेशीपर्यंत आलं, तरी ती रोज पहाटे अंगण झाडत होती. शेवटच्या दिवशीही झाडलं. आता त्या अंगणावर तळ्यातले मासे फिरतात, आणि मास्तर सातवीच्या मुलींना हे तळं किती मोठं आणि किती उपयुक्त आहे ते शिकवतात.

यातलं एक अक्षरही त्यांनी मासिकात लिहिलं नाही. तेवढी अक्कल होती. त्यांनी इतकंच लिहिलं की, संपूर्ण तबकडीत सर्वांत श्रेष्ठ गाणं शेवटचं आहे. ‘वाचकहो, यावेळी सुई उचलू नका.’

संध्याकाळी मागच्या दारानं ग्वाकदादा आला. बाजारपेठेत त्याचं तबकड्यांचं दुकान होतं. मास्तरांपेक्षा वयानं मोठा, म्हणून मास्तर त्याला दादा म्हणत.

“दुलईत काय लपतोस, मूर्खा?” तो म्हणाला. “पाय बाहेर दिसतायत.”

“दादा, झालंय तरी काय?”

“माझ्याकडच्या प्योच्या सगळ्या प्रती नेल्या. पावती दिली. पावतीवर लिहिलंय, निकोप गीताच्या तबकड्या. जन्मात पहिल्यांदा त्या गाण्यासाठी कुणी प्योची तबकडी नेली.”

“पण का?”

“का काय? विद्यापीठातल्या पोरांनी तुझा लेख वाचला. सुई न उचलता ऐकलं. आणि परवा सगळे हातात झाडू घेऊन पटांगणात उतरले. तेच गाणं, प्योच्याच चालीत. अगदी हळूऽऽ. गाणं गात झाडतायत, झाडत झाडत विश्वस्तांच्या कचेरीपर्यंत गेले. पोलीस आले. आता पकडणार कशाबद्दल? गाणं सरकारी, आणि पटांगण स्वच्छ होतंय! साहेब नुसता लाल झाला. शेवटी एका पोराच्या खिशात तुझं पान सापडलं. ‘सुई उचलू नका’च्या खाली लाल रेघ मारलेली.”

“अरे देवा. पण मला ते गाणं खरंच आवडलंय, दादा.”

ग्वाकदादानं मास्तरांकडे फार दयेनं पाहिलं. “हे असलं काही तिथं बोलू नकोस,” तो म्हणाला. “त्यापेक्षा दारू पिऊन लिहिलं म्हण. त्याला शिक्षा कमी आहे.”

तो गेल्यावर ओकबुननं तबकडी उचलली आणि निजायच्या खोलीत चुलीकडच्या बाजूला, गाद्यांच्या चळतीखाली सारली. घरातली मोलाची वस्तू तिथंच ठेवायची, हे तिच्या आईनं तिला शिकवलेलं. मास्तरांनी तबकडी झिजू नये म्हणून आणल्या दिवशीच तिची कॅसेट करून ठेवली होती. ती तिनं तांदळाच्या पिंपात कोपरापर्यंत हात घालून तळाशी खुपसली.

“आणि मी कुठं लपू?” मास्तर म्हणाले.

“तुम्ही शाळेत जा उद्या. तिथं सगळ्यांच्या डोळ्यांदेखत असाल.”

दुसऱ्या दिवशी मास्तर शाळेत गेले आणि त्यांनी तीन वर्गांना वाळवंटं शिकवली. वाळवंटात कुणी बुडत नाही, असं काहीसं त्यांच्या मनात असावं. सुटल्यावर ते घराकडे निघाले तेव्हा तळ्यावरून धुकं चढून रस्त्यात आलं होतं. दिवे पिवळे, माणसं कमरेपासून वर तेवढी. पूल ओलांडताना त्यांना मागे पावलं ऐकू आली. ते थांबले, पावलं थांबली. ते चालले, पावलं चालली. त्यांनी बुटाची नाडी बांधायचं निमित्त करून मागे पाहिलं. धुक्यात एक तपकिरी डाग होता.

मास्तरांनी चालीला वेग दिला. डागानंही दिला. समोर गल्लीचं तोंड दिसत होतं; त्यात शिरलं की ग्वाकदादाच्या दुकानाचं मागचं दार. ते आता उघड उघड पळायच्या बेतात आले, एक पाय उचलला, आणि खांबावरच्या भोंग्यातून राष्ट्रगीत सुरू झालं.

झेंडा उतरायची वेळ. रस्ता जागच्या जागी थिजला. सायकलवाला उतरून उभा राहिला. माशांची पाटी डोक्यावर घेतलेली बाई उभी राहिली. मास्तरांनी उचललेला पाय जपून खाली ठेवला आणि हात छातीवर नेला. हाताखाली काळीज असं उडत होतं की कुणाला वाटावं काय ही देशभक्ती. पाठीमागे, अगदी हाताच्या अंतरावर, कुणीतरी दमल्यासारखा श्वास घेत होतं. तोही छातीवर हात ठेवून उभा असणार. पळणाऱ्याला पळता येत नव्हतं, धरणाऱ्याला धरता येत नव्हतं. मास्तरांना हे गीत कधी एवढं लांब वाटलं नव्हतं. आणि ते कधी संपू नये असंही यापूर्वी कधी वाटलं नव्हतं.

संपलं. रस्ता हलला.

“बोंग मास्तर ना?” मागचा आवाज म्हणाला. “चालता फार भरभर हो तुम्ही. मी योम. घाबरू नका, दोनच प्रश्न आहेत.”

मास्तरांच्या डोळ्यांसमोर मिन मास्तर ताडकन उभे राहिले.

“आधी तुमच्या घरी जाऊ,” योमसाहेब म्हणाले. दात खरंच स्वच्छ होते. “ती तबकडीही घ्या बरोबर. माझ्याकडच्या सगळ्या सोलला पाठवाव्या लागल्या.”

ओकबुननं गाद्यांखालून तबकडी काढून कापडात गुंडाळून दिली. देताना तिचा चेहरा विचित्र झाला होता. मास्तरांना वाटलं निरोपाचं दुःख. ती फक्त म्हणाली, “अहो, गरम आहे हं.” मग योमसाहेबांकडे वळून म्हणाली, “रात्रीच्या जेवणाला येतील ना?”

“बघू,” योमसाहेब म्हणाले.

ठाण्यातल्या वरच्या मजल्यावरच्या खोलीला खिडकी नव्हती. एक टेबल, दोन खुर्च्या, एक दिवा, आणि टेबलावर तबकडी वाजवायचं यंत्र. यंत्राच्या झाकणावर मुलींच्या शाळेचं नाव होतं. ते संगीताच्या वर्गातलं होतं. म्हणजे मुख्याध्यापकांनी स्वतः सही करून दिलेलं. मास्तरांना वाटलं, आपली खुर्चीही एव्हाना कुणीतरी अशीच उचलून नेली असेल. शेजारच्या खोलीत कुणीतरी खुर्ची सरकवली, मग काहीच आवाज झाला नाही, आणि ते काहीच न होणं फार वाईट होतं.

“पहिला प्रश्न,” योमसाहेब म्हणाले. “सुई उचलू नका, म्हणजे काय?”

“म्हणजे… सुई… उचलायची नाही.”

“सोलच्या साहेबांचं म्हणणं, ही खूण आहे.”

“खूण नाही हो. सगळे उचलतात म्हणून…”

“कोण सगळे?”

मास्तरांनी तोंड मिटलं. सगळे म्हणजे सगळा देश. एवढ्या लोकांना अडकवायचं त्यांच्या जिवावर आलं.

“बरं. दुसरा प्रश्न. तुम्हाला हे गाणं आवडलं? नीट विचार करून सांगा.”

मास्तरांनी विचार केला. हो म्हणावं, तर ही उघड टिंगल, कारण असलं गाणं कुणाला आवडणं शक्य नाही हे समोरच्या माणसालाही ठाऊक. नाही म्हणावं, तर निकोप गीताचा अपमान. आणि खरं कारण सांगावं तर त्यात धरण येतं. धरणावर तर मोठमोठ्या साहेबांच्या दगडात कोरलेल्या सह्या होत्या. खोलीत दिव्याची गुणगुण चालली होती. नोकरी, घर, ओकबुनचं ते ‘येतील ना’, सगळं एका शब्दावर लटकलं होतं आणि तो शब्द त्यांच्याकडे नव्हता.

“ऐकूनच ठरवू,” योमसाहेब म्हणाले आणि त्यांनी कापड सोडलं.

तबकडी बाहेर आली ती कढईतून काढलेल्या पापडासारखी. खोली ऊबदार राहावी म्हणून जमिनीखाली रात्रभर कोळशाच्या वड्या धगधगत होत्या. चुलीकडची बाजू ती. कडा वर-खाली लाटांसारख्या वळल्या होत्या.

“हे काय?” योमसाहेब उठून उभे राहिले. “पुरावा नष्ट केलात?”

“नाही हो साहेब! बायकोनं उबेला ठेवली.”

“तबकडी? उबेला? अंडी उबवायची होती का?” योमसाहेबांनी घाईनं ती यंत्रावर चढवली. सुई उडाली. पुन्हा ठेवली, पुन्हा उडाली. “पहिलं गेलं. दुसरं गेलं. अरे, तिसरं पण? तार तुटते ते?” त्यांचा आवाज चिरकला. मास्तर भीतीनं इतके बधिर झाले होते की पोलिसाला तारेचं काय माहीत, असा प्रश्न त्यांना पडला नाही. योमसाहेब बाजू उलटून, वाकून, श्वास धरून एकेक गाणं चाचपत होते. सुई प्रत्येक लाटेवर उडत होती. फक्त अगदी आतल्या, मधल्या भोकाजवळच्या भागाला धग कमी लागलेली. तिथं ती टेकली आणि टिकली.

‘पहाटेचा झाडू’ सुरू झालं.

पण वाकलेल्या तबकडीवर प्योचा आवाज सरळ येईना. तो खोल जायचा, वर यायचा, पुन्हा खोल जायचा. पाण्याच्या तळाशी बसून कुणी गात असावं तसा. उठाऽऽ… उठाऽऽ… फराट… फराट… अंगण आपलं… आणि एवढ्या भीतीतही बोंग मास्तरांना तळाशी, हिरव्या अंधारात, कमरेत वाकलेली आकृती स्पष्ट दिसली. त्यांनी ओठ चावला. उपयोग झाला नाही. सातवीच्या मुलींना तळ्याची लांबी-रुंदी सांगणारा तो गृहस्थ टेबलावर डोकं टेकून हुंदके देऊन रडू लागला.

गाणं संपलं. सुई गोल गोल खरखरत राहिली. योमसाहेबांनी ती उचलली नाही.

बऱ्याच वेळानं त्यांनी लेखणी उघडली आणि मोठ्यानं उच्चारत लिहिलं, “निकोप गीत… ऐकताना… सदर इसमास… रडू आवरेना.” मग टोपण लावलं. “सोलला एवढं पुरेल. रडणाऱ्यावर टिंगलीचा आरोप बसत नाही. आई-वडील कुठल्या गावचे?”

“ते… ते गाव आता…”

“राहू द्या,” योमसाहेब झटकन म्हणाले. “हा तिसरा प्रश्न झाला. जा घरी. आणि पुन्हा मासिकात लिहायचं झालं तर मासेमारीवर लिहा.”

मास्तर उठले. त्यांनी दाराची मूठ धरली, दार उघडलं, बाहेरच्या जिन्यावरचं धुकं दिसलं.

“मास्तर!”

ते ताडकन ताठ उभे राहिले. हात आपोआप मांड्यांना चिकटले. वळायचं धैर्य झालं नाही. पाठीमागे योमसाहेब खुर्चीवरून उठले, जवळ आले, आणि त्यांनी मास्तरांच्या खांद्यावरून हात घालून दार हळूच लोटून घेतलं.

“तुमच्यासारखा माणूस,” ते अगदी कानाशी म्हणाले, “तबकडी आणल्या दिवशीच कॅसेट करून ठेवतो. ठेवलीय ना?”

मास्तरांचे हात अजून मांड्यांनाच चिकटलेले होते.

“तांदळाच्या पिंपात असेल. सगळ्यांची तिथंच असते. मला एक प्रत हवी होती. दाणे तेवढे झटकून घ्या, माझ्या यंत्रात अडकतात. आणि…” योमसाहेब थोडे लाजले, “शेवटचं ते झाडूचं भरू नका. उठून बंद करायला फार कंटाळा येतो.”